नकाशाच्या आधी आकडा: घर बांधायला निघताना बजेट कसं मांडावं

घरांची एस्टिमेट काढणं हे माझं रोजचं काम. समोर बसणारी माणसं बहुतेक वेळा नकाशा घेऊनच आलेली असतात. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला, इतक्यांदा खोडलेला की कागद मधून विरळ झालेला. कोपऱ्यातली खोली आजींची, वर अभ्यासाची खोली, मागे मोकळी गच्ची. सगळं समजावून झालं की प्रश्न येतो, "याला किती लागतील?" मी आकडा सांगते. मग थोडा वेळ कोणी बोलत नाही.

त्यानंतर कापाकापी सुरू होते. खोली दोन फुटांनी लहान, एक बाथरूम कमी, गच्चीवरचं छप्पर रद्द. एव्हाना घरातलं प्रत्येक माणूस मनाने त्या नकाशात राहायला गेलेलं असतं, त्यामुळे एकेका फुटावरून वाद होतात. हे टाळायचं तर क्रम उलटा धरायला हवा. आधी खर्च करता येईल ती रक्कम, तिच्यातून क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळातून नकाशा. याची आकडेमोड अवघड नाही. आर्किटेक्टकडे पहिल्यांदा जाण्याआधी दोन संध्याकाळी वही घेऊन बसलात तर होऊन जाते.

पायरी 1: रक्कम ठरवा

बँक जितकं कर्ज मंजूर करेल तितकं आपलं बजेट, असं समजू नका. बँक तुमचं उत्पन्न बघते. मुलांची फी, घरातलं आजारपण, गाडीचा हप्ता यांतलं तिला थोडंच दिसतं. वहीत तीन ओळी लिहा: आज हातात असलेले पैसे, ठरलेल्या तारखेला नक्की मिळणारे पैसे, आणि हप्ता सहज झेपेल एवढंच कर्ज. चौथी ओळ "मिळतीलच" अशा पैशांची. ती लिहा, पण बेरजेत धरू नका. जुनं घर विकून त्या पैशांत नवं बांधणाऱ्यांचं गणित फार वेळा इथेच फसतं. गिऱ्हाईक चार महिने लांबतं आणि इकडे स्लॅबचं स्टील साइटवर येऊन पडलेलं असतं.

बेरीज झाली की त्यातून घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे बाजूला काढा. त्यांना घरासाठी हात लावायचा नाही. उरली ती तुमची एकूण रक्कम. तिला आपण 100 भाग म्हणू, म्हणजे पुढचा हिशेब कुठल्याही रकमेला लावता येईल. प्लॉट अजून घ्यायचा असेल तर त्याची किंमत आणि नोंदणीचा खर्च आधी वजा करून मग 100 धरा.

पायरी 2: बांधकामाबाहेरचे खर्च आधी काढून ठेवा

सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळते. "बांधकाम चौरस फुटाला इतकं" हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण राहायला जाईपर्यंत होणाऱ्या खर्चाचा बराच मोठा वाटा त्या दरात नसतोच.

आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, मोजणी, माती परीक्षण, बांधकाम परवानगी, विमा हा झाला कागदांचा खर्च. जमिनीवरचा खर्च वेगळा: साफसफाई, भराव, कंपाउंड, गेट, पाण्याची टाकी, सांडपाण्याची सोय, वीज आणि पाण्याची जोडणी, गेटपासून दारापर्यंतची फरसबंदी. शिवाय काम चालू असताना लागणारं तात्पुरतं पाणी आणि वीज. सध्या भाड्याने राहत असाल तर बांधकामाच्या काळातलं भाडं आणि उचललेल्या कर्जावरचं व्याज एकाच वेळी चालू राहतं. शेवटी कपाटं, किचन ट्रॉली, दिवे, पंखे, पडदे आणि सामान हलवणं.

माझं स्वतःचं घर बांधलं तेव्हा, रोज दुसऱ्यांची एस्टिमेट काढणारी मी, जिन्याचं रेलिंग धरायलाच विसरले होते. जिना धरला, पायऱ्यांचा दगड धरला, रेलिंग नाही. पैसे संपले तेव्हा रंगकाम आटोपलेलं होतं. पाच महिने जिन्याला बांबू बांधून आम्ही वरखाली करत होतो, आणि येणारा प्रत्येक पाहुणा "काम अजून चालू आहे वाटतं" असं विचारत होता. तेव्हापासून माझी पद्धत अशी: मनातल्या मनात रस्त्यावरून घरात शिरायचं, गेट उघडायचं, दिवा लावायचा, नळ सोडायचा, जिना चढायचा, आणि ज्या ज्या वस्तूला हात लागेल ती यादीत आहे का हे बघायचं. यादी करायला याहून बरी युक्ती मला अजून सापडलेली नाही.

आता वजाबाकी. समजा कागदांच्या खर्चाला 8 भाग, जमीन आणि जोडण्यांना 10, भाडं-व्याज-सामान हलवणं यांना 6, कपाटं आणि घरातल्या वस्तूंना 8. झाले 32. राखीव रक्कम आणखी 13 भाग. उरले 55. हे वाटे उदाहरणापुरते आहेत. सपाट, जोडण्या असलेला प्लॉट असेल तर 10 चे 5 होतील. उतारावरच्या जमिनीत तेच 20 होतील. पण 100 भाग हातात असताना 100 भागांचं घर काढायला बसलात तर काय होतं, ते यावरून लक्षात यावं.

राखीव रकमेबद्दल थोडं. ती दोन कारणांसाठी असते आणि दोन्ही एकत्र केली की गोंधळ होतो. एक, आराखडा अजून कच्चा आहे, त्यामुळे आपला अंदाजच ढोबळ आहे. दोन, जमिनीखाली काय निघेल आणि बाजारभाव कुठे जाईल हे कोणाच्या हातात नाही. सुरुवातीला बांधकाम खर्चाच्या 15 टक्क्यांच्या खाली जाऊ नका. इथे 13 भाग धरले ते 55 च्या मानाने जास्तच आहेत, आणि पहिल्या बैठकीत मला ते तसेच हवे असतात. सगळी ड्रॉइंग पक्की झाली की 10 टक्क्यांवर या, छताचा स्लॅब टाकून झाला की 5 वर. घरच्यांच्या हौसेचे पैसे यातून द्यायचे नाहीत. हौसेला वेगळी ओळ करा. नाही तर पाया पुरा व्हायच्या आधी राखीव रक्कम बाथटबमध्ये गेलेली असते.

पायरी 3: उरलेल्या रकमेला दराने भागा

हे 55 भाग तुमच्या भागातल्या आजच्या बांधकाम दराने भागले की मिळतं ते तुम्हाला झेपणारं क्षेत्रफळ. दर तीन ठिकाणी विचारा, आणि शक्यतो ज्यांचं घर गेल्या वर्षभरात पुरं झालं त्यांना विचारा. "शेवटी एकूण किती गेले आणि किती चौरस फुटाला?" एवढंच विचारायचं. त्यांच्या कंत्राटदाराने सुरुवातीला सांगितलेला दर तुमच्या कामाचा नाही.

दर कुठल्या क्षेत्रफळावर आहे हेही विचारा. भिंतींची जाडी धरून की आतून? आतून 10 बाय 12 ची एकटी खोली 120 चौरस फुटांची असते. चारही बाजूंनी 9 इंची भिंत धरली की बाहेरून ती साडेअकरा बाय साडेतेरा, म्हणजे 155 चौरस फूट होते. अख्ख्या घरात भिंती सामाईक असल्याने फरक इतका मोठा राहत नाही, पण दुर्लक्ष करण्याएवढा लहानही नसतो. गच्ची, बाल्कनी, जिना अर्ध्याने मोजलेत की पूर्ण, यावरही दर हलतो.

काम कधी सुरू होणार, हेही दरात धरा. भाव वर्षाला 8 टक्के वाढले तर आज 100 चौरस फूट बांधणाऱ्या पैशांत वर्षभराने 92-93 च होतात. परवानग्यांना वेळ लागणार असेल तर आजचा दर नको, काम निम्म्यावर येईल त्या महिन्याचा अंदाजी दर धरा.

पायरी 4: तेवढ्याच क्षेत्रफळाचं घर स्वस्तात कसं होतं

सगळे चौरस फूट सारखे नसतात. 30 बाय 40 चं घर 1200 चौरस फुटांचं. त्याचा परिघ 140 फूट. आता 40 बाय 40 चा चौरस घ्या आणि एका कोपऱ्यातून 20 बाय 20 चा तुकडा काढा. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचं हे घरही बरोबर 1200 चंच, पण परिघ 160. म्हणजे बाहेरची भिंत 20 फूट जास्त. उंची 10 फूट धरली तर 200 चौरस फूट जादा भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना मिळून 400 चौरस फूट प्लास्टर आणि रंग, शिवाय 20 फूट पाया आणि जोतं. राहायला एक इंचही जास्त मिळाला नाही. एल आकार सुंदर दिसतो, मध्ये छान अंगण मिळतं, ते हवंच असेल तर घ्या. फक्त त्याची किंमत कळून घ्या.

बाथरूम आणि स्वयंपाकघर हे घरातले सगळ्यात महागडे चौरस फूट. पाइप, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, नळ, सगळं तिथेच दाटलेलं. ती एकाला एक लागून किंवा एकावर एक आली तर पाइप कमी लागतो, आणि उद्या गळती झाली तर शोधायला एकच जागा राहते. बेडरूम दोन फूट मोठी करणं तुलनेने स्वस्त. चौथं बाथरूम महाग.

एक मजला की दोन? दोन मजल्यांत पाया आणि छत निम्म्या जागेवर येतं, ही मोठी बचत. पण जिना जागा खातो. 10 फूट उंचीला साधारण पावणेसात इंचांच्या 18 पायऱ्या लागतात. वळणाचा, तीन फूट रुंदीचा जिना वरखालच्या लँडिंगसह 80 चौरस फुटांच्या आसपास जातो, आणि ही जागा दोन्ही मजल्यांवर मोजली जाते. लहान घरात ही बचत जिन्यातच संपू शकते. पुढेमागे गुडघे दुखणार आहेत, तो मुद्दा एस्टिमेटमध्ये बसत नाही म्हणून सोडते.

पायरी 5: जमिनीला विचारा

घराच्या वरच्या भागाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. खालचा येत नाही. म्हणून माती परीक्षण नकाशा पक्का होण्याआधी करून घ्या. त्याची फी बघून लोक कचरतात, पण पूर्ण बजेटच्या मानाने ती किरकोळ असते.

समजा 16 खांब आहेत आणि प्रत्येकाचा खड्डा 4 बाय 4, खोली 5 फूट. खोदकाम 1280 घनफूट. घट्ट थर लागला नाही आणि 7 फुटांवर जावं लागलं तर 1792, म्हणजे थेट 40 टक्के जास्त. खांबही तेवढे लांब, भरावही तेवढा जास्त. शिवाय खोदलेली माती मोकळी झाली की फुगते. सव्वापट तरी धरावीच लागते. ती हलवायच्या गाड्या फुगलेल्या मापाने येतात, खड्ड्याच्या मापाने नाही.

चिकण मातीची जमीन पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. तिच्यावर साधा उथळ पाया घातला तर भिंतींना तिरप्या भेगा जातात. तिथे पायाचा प्रकारच बदलतो, आणि त्याबरोबर खर्चही. उतारावर संरक्षक भिंत आली की तिला वेगळं एस्टिमेट करा. ती घराच्या दरात कधीच बसत नाही. स्वस्त मिळालेला उताराचा प्लॉट आणि महाग वाटलेला सपाट प्लॉट यांची तुलना ही भिंत धरून करायची असते.

पायरी 6: आत्ता काय, नंतर काय

पैसे कमी पडणार असं दिसलं की सगळीकडून थोडं थोडं कापायची सवय असते. स्टील थोडं हलकं, वायर थोडी हलकी, वॉटरप्रूफिंगचा एक हात कमी. हे करू नका. भिंतीत, जमिनीत आणि स्लॅबमध्ये गाडलं जाणारं काहीही कापायचं नाही. पाया, स्टील, वॉटरप्रूफिंग, सांडपाण्याचे उतार, भिंतीतले कंड्युट म्हणजे वायरींचे पाइप, खिडक्यांच्या जागा हे पहिल्याच दिवशी नीट हवं. उद्या मजला चढवायचा असेल तर खांब आणि पाया आजच तेवढ्या वजनाचे हवेत; त्याचे जादा पैसे आज थोडे वाटतात, नंतर पाया मजबूत करायचा म्हटलं तर घर रिकामं करावं लागतं.

कपाटं, फॉल्स सीलिंग, बाग, कंपाउंडचं सजावटी गेट, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीची फरशी, हे थांबू शकतं. एसी आज घेऊ नका, पण त्याचा वायर आणि पाणी जायचा पाइप टाकून ठेवा. तरीही भागत नसेल तर एक अख्खी खोली कमी करा. सगळ्या खोल्यांमधून दर्जा कमी करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. हे मी ग्राहकांना सांगते तेव्हा दहातले सात जण नाराज होतात.

पायरी 7: आर्किटेक्टला आकडा सांगा

"आकडा सांगितला तर ते तेवढे खर्च करवतील" या भीतीने माणसं गप्प बसतात किंवा खरा आकडा लपवून कमी सांगतात. मग आर्किटेक्ट अंदाजाने काढतो आणि पुन्हा तीच कापाकापी. आपले 55 भाग आणि त्यातून निघालेलं क्षेत्रफळ पहिल्याच बैठकीत द्या. राखीव रक्कम सांगायची गरज नाही. आणि एक ठरवून घ्या: कच्चा आराखडा झाल्यावर, परवानगीचा नकाशा करण्याआधी, आणि सगळी ड्रॉइंग झाल्यावर असं तीनदा एस्टिमेट करायचं. यांतल्या कुठल्याही वेळी आकडा 55 च्या वर गेला असेल तर पुढच्या टप्प्याला जायचं नाही. कागदावरची भिंत खोडरबराने जाते.

पायरी 8: कोटेशनमधल्या रिकाम्या जागा

तीन कंत्राटदारांची कोटेशनं आली आणि एक बरंच स्वस्त निघालं, तर आधी त्यात काय नाही ते शोधा. परिमाणांची यादी, म्हणजे कुठलं काम किती, ही तुमच्या इंजिनिअरकडून करून घेऊन तिघांनाही तीच द्या. नाही तर तिघे तीन वेगळ्या घरांचे भाव देतात.

"टाइल्स अमुक दरापर्यंत" अशा ओळी नीट बघा. तो धरलेला दर दुकानातल्या सगळ्यात साध्या टाइलचा असतो आणि तुम्ही ती घेणार नसता. मापही तपासा. 10 बाय 12 च्या खोलीला 120 चौरस फूट टाइल पुरत नाही. दाराचे 3 फूट सोडून 41 फूट स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची टाइलची पट्टी, 4 इंच उंचीने जवळजवळ 14 चौरस फूट. त्यावर कटिंगमध्ये वाया जाणारी 10 टक्के. झाली 147. एका ओळखीच्या जोडप्याने धरलेल्या दराच्या दुप्पट किमतीची टाइल निवडली, आणि मापही 120 च्या हिशेबानेच धरलेलं होतं. अख्ख्या घराचा तो फरक त्यांच्या राखीव रकमेच्या निम्मा निघाला.

स्टीलचं बिल तपासायला एक सोपं सूत्र आहे: व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले 162, की आलं एका मीटरचं वजन किलोमध्ये. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब कांब 10.67 किलोची. गाडीतल्या कांबा मोजा, गुणा, आणि वजनकाट्याच्या पावतीशी ताडून पाहा. थोडा फरक चालतो, पण तो दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर विचारा.

पायरी 9: पैसे कधी लागणार

एकूण पुरेसे पैसे असूनही काम अडतं, कारण ते हव्या त्या महिन्यात नसतात. कर्ज एकरकमी मिळत नाही. बँक कामाचा टप्पा बघून त्या टप्प्याचे पैसे सोडते, म्हणजे बऱ्याचदा काम आधी आणि पैसे मागून. त्यामुळे पहिल्या टप्प्याला, आणि पुढेही दोन हप्त्यांच्या मधल्या फटीला, स्वतःचे पैसे लागतात. सगळी शिल्लक प्लॉट आणि पायात ओतली की ही फट भरता येत नाही. महिन्यांचा तक्ता करा: वर काम, खाली देणं, त्याखाली कुठून येणार.

कंत्राटदाराला हप्ते पूर्ण झालेल्या टप्प्यांवर द्या, तारखांवर नको. सांगाडा उभा राहिला की निम्मं घर झालं असं डोळ्यांना वाटतं, आणि तोपर्यंत निम्म्याहून खूप जास्त पैसे गेले असतील तर फिनिशिंगला तुमच्या हातात जोर राहत नाही. प्रत्येक बिलातून 5 टक्के थांबवून ठेवायचे आणि एक पावसाळा गेल्यावर द्यायचे, हे करारातच लिहा. छत गळतं की नाही हे उन्हाळ्यात कळत नाही.

पायरी 10: वही चालू ठेवा

दर कामाला चार रकाने: धरलेले, करारातले, दिलेले, आणि आता शेवटपर्यंत एकूण लागतील ते. पहिले तीन सगळे भरतात. चौथा कोणी भरत नाही, कारण तो बघायला धीर लागतो. महिन्याच्या शेवटी तोच भरा. बाकीचे पासबुकातूनही कळतात.

मध्येच बदल सुचले, आणि ते सुचणारच, तर गवंड्याला तोंडी सांगायचं नाही. "ही भिंत दोन फूट सरकवा" याची रक्कम किती आणि दिवस किती, हे कंत्राटदाराकडून लिहून घ्यायचं, सही करायची, मग काम. साधा कागद चालतो. तो लिहून येईपर्यंत जाणाऱ्या दोन दिवसांत निम्मे बदल घरातलीच माणसं मागे घेतात.